घरगुती न्हाणीघरातील टबाची लाकडी चौकट : भार, हालचाल आणि ओल यांचा विचार

बीजसंज्ञा : न्हाणीघर, टब, कडीपाट, लाकडाचा आक्रस, कूज, सुतारकाम

प्रस्तावना :

मराठी घरात स्नान म्हणजे अंगावर पाणी ओतून घेणे. बंबात तापलेले पाणी घंगाळात काढावयाचे, त्यात विसण घालावयाचे आणि पाटावर बसून तांब्याने अंगावर घ्यावयाचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वापरलेले पाणी मोरीतून लगेच वाहून जात असल्यामुळे स्नान करणाऱ्या माणसाच्या खाली शेकडो लिटर पाणी साठून राहण्याचा प्रश्न या पद्धतीत उद्भवत नाही. साठवलेल्या पाण्याचा भार लाकडाने पेलण्याचा मराठी घरातील परिचित नमुना म्हणजे घडवंची. घागरी व हंडे ठेवण्यासाठी केलेली ही मांडणी उघडी असते. तिच्यावर पाणी सांडले तर ते दिसते, वाऱ्याने ती वाळते आणि एखादा पाय कुजलाच तर तो बदलता येतो.

टबाखालच्या व टबाभोवतीच्या लाकडी चौकटीला यांपैकी एकही सवलत नाही. ती फळ्या, सिमेंटचे तक्ते आणि फरश्या यांच्या आड कायमची बंद होते. अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांत घरातील माणसाने स्वतः हत्यारे हाती घेऊन अशी चौकट करणे ही नवलाची गोष्ट नाही. तेथील मजुरी महाग आहे आणि दुकानात मापाचे रंधलेले लाकूड तयार मिळते. या देशांतील लाकडी घरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही न्हाणीघर नवे करताना हाच प्रश्न येतो. कृती सांगणारी माहितीपत्रके मुबलक आहेत. अमुक लाकूड घ्यावे, तमुक अंतरावर उभे ठोकावेत, असे त्यांत सांगितलेले असते. ते तसे का, याचा उलगडा मात्र क्वचितच केलेला असतो. प्रस्तुत लेखात हा उलगडा करण्याचा प्रयत्न केला आहे. विषय वरवर पाहता किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि कारागिरी ही एका ठिकाणी इतक्या सहजपणे भेटण्याचे प्रसंग थोडेच.

घरमालकाला भीती वाटते ती टब मजल्यासकट खाली कोसळण्याची. असे क्वचित घडते. नेहमी घडते ते वेगळेच. टबाचा काठ दोन-तीन मि.मी. हलतो, काठाजवळचा सांधा उघडतो, त्या फटीतून थेंबथेंब पाणी आत जाते, लाकूड कुजते, त्यामुळे टब अधिक हलतो आणि फट आणखी रुंदावते. हे दुष्टचक्र वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते. चौकटीची बांधणी समजून घ्यावयाची ती हे चक्र कोठे तोडता येते हे समजण्यासाठी.

थोडी पूर्वपीठिका :

टब आणि लाकूड यांचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिका व युरोपातील सुखवस्तू घरांत लाकडी पेटीला आतून तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा मारून टब तयार करीत. पत्र्याच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी पेटीतच मुरे आणि तेथे घाण व कीटक साचत. शतकाच्या उत्तरार्धात आरोग्यविषयक जाणीव वाढली तेव्हा न्हाणीघरातील अशा बंद पेट्यांवर टीका होऊ लागली. त्यानंतर लोकप्रिय झाला तो पंजाच्या आकाराच्या चार पायांवर उभा राहणारा, चहूबाजूंनी उघडा, आतून मुलामा दिलेला बिडाचा टब. विस्कॉन्सिन राज्यातील शबॉयगन येथील जॉन मायकल कोहलर यांनी १८८३ मध्ये जनावरांच्या बिडाच्या डोणीला मुलामा देऊन टब तयार केला, ही या उद्योगातील प्रसिद्ध हकिकत होय. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून भिंतीला लावून बसवावयाचा, पुढे दर्शनी पडदा असलेला टब प्रचारात आला आणि टबाखालची जागा पुन्हा एकदा झाकली गेली. आजची लाकडी चौकट ही त्या जुन्या पेटीचीच वारसदार आहे. पेटीचा दोषही वारशात आला आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

भार किती व तो कोठे जातो :

एका साध्या उदाहरणावरून प्रारंभ करता येईल. सुमारे १.५ मीटर लांब व ०.७५ मीटर रुंद असा अ‍ॅक्रिलिकचा टब घेतला, तर त्याचे स्वतःचे वजन ३५ कि.ग्रॅ.च्या आसपास धरता येते. त्यात १८० लिटर पाणी, म्हणजेच १८० कि.ग्रॅ., आणि ७५ कि.ग्रॅ. वजनाची व्यक्ती. बेरीज २९० कि.ग्रॅ. होते. टबाने व्यापलेले क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरहून थोडे कमी, १.१२५ चौ.मी., आहे, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २५८ कि.ग्रॅ. भार पडतो. टब बिडाचा व १५० कि.ग्रॅ. वजनाचा असल्यास हाच आकडा ३६० पर्यंत जातो.

पाण्यात शिरलेल्या माणसाचे वजन ‘कमी होते’, तेव्हा मजल्यावरील भारही कमी धरावा, असा युक्तिवाद विद्यार्थी हमखास करतात. तो चुकीचा आहे. पाणी माणसाला जेवढ्या बलाने वर ढकलते, तेवढ्याच बलाने माणूस पाण्याला, आणि पर्यायाने टबाच्या बुडाला, खाली दाबतो. टबातील पाणी बाहेर सांडले नाही तोवर मजल्यावरचा भार माणसाच्या पूर्ण वजनाने वाढतो. काठाखालच्या जादा पाण्याच्या भोकातून काही पाणी निघून जाते हे खरे. पण ते सावकाश जाते आणि भोक तुंबलेलेही असू शकते. म्हणून हिशेबात पाणी व माणूस ही दोन्ही वजने पूर्ण धरणेच शहाणपणाचे.

अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेत राहत्या खोल्यांसाठी दर चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १९५ कि.ग्रॅ., इतका चल भार गृहीत धरतात. भारतात आय.एस. ८७५ या मानकाच्या दुसऱ्या भागात (१९८७) घरगुती न्हाणीघरासाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०४ कि.ग्रॅ., असा आकडा दिलेला आहे. वरील २५८ हा आकडा दोहोंपेक्षा मोठा आहे. तरीही नेहमीच्या आकाराच्या टबाखाली धडधाकट मजला सहसा मोडत नाही. संहितेतील भार संपूर्ण मजल्यावर एकाच वेळी पसरलेला कल्पिलेला असतो. टब मात्र खोलीचा एक कोपरा व्यापतो आणि उरलेली जागा जवळजवळ रिकामी असते.

येथे मजल्याची रचना पाहणे भाग आहे. अमेरिकेतील लाकडी घराचा मजला हा तत्त्वतः आपल्याकडील जुन्या वाड्यांतील कडीपाटच होय. कड्या बहुधा १६ इंचांवर, म्हणजे ४०६ मि.मी.वर (मध्यापासून मध्यापर्यंत), टाकलेल्या असतात आणि त्यांवर पाटांऐवजी प्लायवूडचे किंवा लाकडाच्या चिपांचे तक्ते असतात. टबाची लांबी कड्यांना आडवी असेल, तर त्याचा भार चार कड्यांत वाटला जातो. ती कड्यांना समांतर असेल, तर सगळा भार जेमतेम दोन कड्यांवर येतो. याचा अर्थ, तोच टब नव्वद अंशांतून फिरवला की प्रत्येक कडीवरचा भार दुप्पट होतो. पुन्हा कडीच्या टोकाजवळ, भिंतीच्या आधाराशी, ठेवलेला भार तिला फार वाकवत नाही. तोच भार गाळ्याच्या मध्यावर ठेवला की बाक सर्वाधिक येतो. चौकटीचे पहिले लाकूड कापण्यापूर्वी खालच्या कड्यांची दिशा, गाळा आणि प्रकृती पाहिली पाहिजे, ती यासाठी. दोन माणसांचा खोल टब, बिडाचा टब किंवा जुने घर असेल, तर ही तपासणी स्थापत्य अभियंत्याकडून करून घेण्यात संकोच मानू नये.

कड्यांचा खरा शत्रू पुष्कळदा टब नसून नळकामाचा कारागीर असतो. सांडपाण्याचा नळ नेण्यासाठी कडीला वरून खाच पाडणे त्याला सोपे वाटते. लाकडी तुळईची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या आणि ताठपणा घनाच्या प्रमाणात असतो. उंचीचा सहावा हिस्सा खाचेत गेला, तर त्या छेदाची ताकद (५/६) चा वर्ग, म्हणजे सुमारे ६९ टक्केच उरते. याच कारणास्तव अमेरिकी संहितेने खाचेची खोली कडीच्या उंचीच्या सहाव्या हिश्शापुरती मर्यादित केली असून गाळ्याच्या मधल्या तृतीयांशात खाच पाडण्यास मनाई केली आहे. जुने टब उचकटल्यावर खाली अर्ध्यापर्यंत कापलेल्या कड्या आढळणे, हा तेथील दुरुस्तीकामातला सर्वपरिचित अनुभव आहे. अशा कडीच्या अंगाला दुसरी पूर्ण लांबीची कडी जोडून बोल्ट मारणे, हा त्यावरील सरळ उपाय होय.

काठ नव्हे, बूड :

चौकटीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, टब चौकटीवर ‘टांगलेला’ असतो. चौकटीच्या वरच्या तक्त्याला टबाच्या आकाराचे भोक पाडावयाचे, टब त्यात सोडावयाचा आणि काठ तक्त्यावर टेकवावयाचा, हे दृश्य पाहणाऱ्याला तसे वाटणे साहजिक आहे. मात्र अ‍ॅक्रिलिकच्या टबाचे कवच पातळ असते. पाणी व माणूस यांचा भार काठावरून लोंबकळला, तर काठ आणि भिंत यांमधील वळणावर प्रत्येक स्नानाच्या वेळी ताण येतो आणि टब रिकामा झाला की तो उतरतो. हजारो वेळा असे झाल्यावर तेथे बारीक तडा जातो. म्हणून उत्पादक बजावून सांगतात की भार बुडाने घ्यावा, काठाने नव्हे.

बुडाचा आधार सलग असणे इष्ट. पुष्कळ ठिकाणी टबाखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे गोळे किंवा थर पसरून त्यावर टब दाबून बसवतात आणि मसाला आवळेपर्यंत टबात थोडे पाणी भरून ठेवतात. मसाल्याचे काम टबाला चिकटवण्याचे नसून बूड व मजला यांमधील पोकळी भरून काढण्याचे आहे. जिप्समचा लगदा वापरू नये. तो ओलीने पुन्हा मऊ होतो. काही टबांच्या बुडाला कारखान्यातच सपाट बैठक जोडलेली असते, त्यांना मसाला लागत नाही. अशा बाबतीत त्या त्या टबासोबतची सूचनापत्रिका प्रमाण मानावी. ब्रिटनमध्ये टबाला लोखंडी पाळणा व फिरवून उंची जुळवता येणारे पाय असतात. तेथील जाणता कारागीर हे पाय थेट मजल्याच्या तक्त्यावर टेकवीत नाही. कड्यांना आडव्या जाड रिपा टाकून त्यांवर ठेवतो. हिशेब केला तर कारण स्पष्ट होते. २९० कि.ग्रॅ. चार पायांत वाटल्यावर प्रत्येकी सुमारे ७२ कि.ग्रॅ. येतात, पाय ५ × ५ सें.मी.चा असल्यास दाब दर चौरस सें.मी.ला ३ कि.ग्रॅ.हून कमी भरतो. एवढ्याने लाकूड चिरडत नाही. दोन कड्यांमधला तक्ता मात्र एखाद्या पायाखाली दबतो, दुसऱ्याखाली दबत नाही, आणि टब तिरका होतो.

मग चौकटीने करावयाचे काय? तिची कामे दोन. काठाला जागेवरून हलू न देणे हे पहिले. दुसरे काम म्हणजे टबात उतरताना अथवा बाहेर पडताना काठाजवळच्या कट्ट्यावर बसणाऱ्या माणसाचा आणि वरच्या फरश्यांचा भार घेणे. वृद्ध माणसे टबाच्या कडेला बसूनच पाय आत घेतात. चौकटीवर येणारा सर्वांत मोठा भार हाच होय. भिंतीकडील बाजूस उभे नसतात. तेथे भिंतीच्या लाकडी उभ्यांना एक आडवी पट्टी पाणसळीत ठोकून तिचा काठाखाली आधार दिला जातो.

लाकूड हलते :

धातूची सवय असलेल्या माणसाला लाकडाचा स्वभाव चटकन उमगत नाही. लाकूड उष्णतेने फारसे वाढत नाही, ओलीने मात्र वाढते आणि वाळले की आक्रसते. हा आक्रस सर्व दिशांना सारखा नसतो. तंतूंच्या दिशेने, म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने, तो नगण्य असतो; ताज्या ओंडक्यापासून पूर्ण कोरड्या लाकडापर्यंत अवघा ०.१ ते ०.२ टक्के. वर्षवलयांना स्पर्श करणाऱ्या दिशेने तोच आक्रस नेहमीच्या सूचिपर्णी लाकडात सात-आठ टक्क्यांपर्यंत जातो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण त्याच्या निम्मा असतो.

दुकानातील ‘वाळवलेल्या’ लाकडात १९ टक्क्यांपर्यंत ओल असू शकते. तापवलेल्या घरात ते हळूहळू ८-९ टक्क्यांवर येते. चौकटीत खाली एक व वर एक अशा दोन आडव्या पट्ट्या असतात. ज्याला तेथे ‘टू बाय फोर’ म्हणतात त्या लाकडाचे प्रत्यक्ष माप ३८ × ८९ मि.मी. असते, नावाप्रमाणे दोन व चार इंच नव्हे, आणि नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेच होते. ३८ मि.मी. जाडीची प्रत्येक पट्टी वाळताना सुमारे १ मि.मी. आक्रसू शकते, म्हणजे दोन पट्ट्यांचे मिळून २ मि.मी. त्यांच्यामधील ३५८ मि.मी. उंचीचा उभा मात्र पाव मि.मी.सुद्धा आखूड होत नाही. यावरून नियम निघतो तो असा, की उंची उभ्या तंतूंनी गाठावी, आडव्या लाकडांच्या थराने नव्हे. उंची कमी पडली म्हणून एकावर एक आडव्या फळ्या रचणारा कारागीर आपल्या हातानेच भविष्यातील फट पेरीत असतो. शक्य असल्यास लाकूड काही दिवस त्याच घरात ठेवून मग कापावे.

बांधणीचा हिशेब :

चौकटीची उंची ठरवण्यात झालेली चूक पुढे कशानेही झाकता येत नाही, म्हणून हा हिशेब तपशिलाने देणे योग्य ठरेल. माप छापील पत्रिकेवरून न घेता प्रत्यक्ष टबाचे घ्यावे. समजा, टब पाणसळीत ठेवला असता मजल्यापासून काठाच्या खालच्या बाजूपर्यंत ४८० मि.मी. भरतात. काठ व तयार फरशी यांमध्ये सांधा भरण्यासाठी ३ मि.मी. सोडले की फरशीचा माथा ४७७ मि.मी.वर यावयास हवा. फरशी ८, तिचा चिकटमसाला ४, सिमेंटचा तक्ता १२ आणि प्लायवूड १९ मिळून ४३ मि.मी. होतात. ते वजा जाता लाकडी चौकटीचा माथा ४३४ मि.मी.वर येतो. वरखालच्या दोन पट्ट्यांचे ७६ मि.मी. वगळले की उभ्याची लांबी ३५८ मि.मी. निघते.

फरशीची जाडी हिशेबात धरावयाची राहिली, तर चौकट तेवढ्याने उंच होते आणि टब बुडावर न टेकता काठावर लटकतो. वर सांगितलेला धोका अशा रीतीने केवळ वजाबाकीच्या चुकीतून उद्भवतो. उलट ३ मि.मी.ची जागाच सोडली नाही, तर पावसाळी हवेत फुगलेले लाकूड टबाला बुडावरून किंचित उचलून धरते. लाकूड वाळून २ मि.मी. आक्रसले तर ३ मि.मी.ची जागा ५ मि.मी. होते. हा बदल लवचीक सांधा सहन करू शकतो. मजला समतल नसेल, तर पाणसळ लावून सर्वांत उंच बिंदू शोधावा आणि तेथून मापे घ्यावीत. खोलगट जागी खालच्या पट्टीखाली पाचरी द्याव्यात.

उरलेले काम सरळ आहे. उभे ४०६ मि.मी.च्या अंतराने घ्यावेत, कोपऱ्यांत जोडीने घ्यावेत. ज्या बाजूने माणसे आत उतरणार तेथे अंतर कमी केल्यास हरकत नाही. उभ्याचे टोक काटकोनात व सपाट कापलेले असावे. भार लाकडाच्या बुंध्याकडून टोकाकडे जाणाऱ्या तंतूंवर सरळ पडला पाहिजे, खिळ्यावर नव्हे. खिळ्यांनी लाकडे एकत्र धरावीत आणि वजन लाकडाने लाकडावर टेकवावे, ही सुतारकामातली जुनी शिस्त येथे पूर्णपणे लागू पडते. जिप्समच्या तक्त्यांसाठी मिळणारे काळे स्क्रू स्वस्त असले तरी ठिसूळ असतात आणि आडव्या जोराने तुटतात. ते या कामी वापरू नयेत. गुण्या लावून चौकटीचे कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकट काटकोनात आली असे समजावे. शेवटी ती मजल्यातील कड्यांना आणि भिंतीच्या उभ्यांना पक्की करावी. केवळ तक्त्यात स्क्रू मारून भागत नाही.

कूज :

लाकूड कुजवणारी बुरशी ओलीवाचून वाढत नाही. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या आत राहिली, तर कूज सुरू होत नाही असे व्यवहारात मानले जाते. सुमारे ३० टक्क्यांच्या वर, म्हणजे तंतूंच्या भित्ती पाण्याने पूर्ण भरल्यावर, तिला मोकळे रान मिळते. सागाच्या गाभ्याच्या लाकडात बुरशीला व वाळवीला न मानवणारी द्रव्ये नैसर्गिकरीत्याच असतात. अमेरिकी चौकटीत वापरले जाणारे स्प्रूस, पाइन व फर यांचे लाकूड मात्र या बाबतीत दुबळे असते. म्हणून निदान खालची पट्टी तरी रसायन मुरवलेल्या लाकडाची घेण्याचा प्रघात आहे.

या रसायनाच्या इतिहासात एक भारतीय नाव आहे आणि ते आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच आढळते. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे लाकूडरक्षक मिश्रण देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंती कामेसन यांनी १९३३ च्या सुमारास शोधून काढले. पुढील अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या खांबांत, कुंपणांत आणि घरांच्या ओट्यांत तेच मुरवले गेले. आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस बहुतेक निवासी उपयोगांसाठी त्याचे उत्पादन उद्योगाने स्वेच्छेने थांबवले. जुन्या घरातील हिरवट छटेचे लाकूड काढताना त्याचा भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नये आणि ते लाकूड कदापि जाळू नये. त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांब्याचे प्रमाण अधिक असून ती साध्या पोलादी खिळ्यांना लवकर गंजवतात. तेव्हा अशा लाकडात गरम जस्तात बुडवून काढलेले किंवा न गंजणाऱ्या पोलादाचेच खिळे व स्क्रू वापरावे लागतात.

रसायनाने कूज लांबते. पाण्याची वाट मात्र बंद होत नाही. सिमेंटचा तक्ता लावला म्हणजे जलाभेद्य आवरण झाले, ही समजूत सर्वत्र आढळते. सिमेंटचा तक्ता पाण्याने नासत नाही, एवढेच खरे. पाणी त्यातून पलीकडे जाते. फरश्यांमधील दर्जाही तशाच सच्छिद्र असतात. तक्त्यावर जलरोधक लेप किंवा पडदा नसेल, तर आतले प्लायवूड पहिल्या वर्षापासूनच ओल पिऊ लागते.

सांधा :

काठ व फरशी यांमधील सांधा सिमेंटने भरू नये. १.५ मीटर लांबीचा अ‍ॅक्रिलिकचा टब २० अंशांनी तापला की सुमारे २ मि.मी. वाढतो, लाकूड व फरशी यांची वाढ त्या मानाने नगण्य असते. ताठ सांध्याला तडा जाणारच. सिलिकोनसारखा रबराप्रमाणे ताणला जाणारा पदार्थ येथे हवा. तो भरण्याची ब्रिटिश नळकारागिरांची एक रीत अनुकरणीय आहे. आधी टब पाण्याने भरतात, म्हणजे तो जितका खाली बसावयाचा तितका बसतो आणि फट अधिकाधिक रुंद होते. त्या अवस्थेत सांधा भरून दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी तसेच ठेवतात. पाणी सोडल्यावर टब किंचित वर येतो आणि सांधा दाबला जातो. पुढे टब भरेल तेव्हा तो सांधा केवळ मूळ रुंदीवर येतो, ताणला जात नाही. रिकाम्या टबाचा सांधा भरणारा हे नेमके उलट करतो आणि दर वर्षी नवी नळी विकत आणतो.

महाराष्ट्रातील नव्या इमारतींत खाली सिमेंट काँक्रीटचा स्लॅब असतो आणि टबाभोवती बहुधा विटांचा कट्टा बांधतात. वाळवी व दमट हवा पाहता तो निर्णय योग्यच आहे. परंतु काठ विटांवर व बूड पोकळीवर, ही चूक तेथेही होते आणि सांध्याविषयीचे विवेचन तर जसेच्या तसे लागू पडते.

तपासणीची खिडकी :

नळकाम पूर्ण झाल्यावर, चौकट झाकण्यापूर्वी, टब जादा पाण्याच्या भोकापर्यंत भरून एकदम सोडून द्यावा आणि खाली विजेरी धरून प्रत्येक जोड हाताने चाचपावा. साठलेले पाणी व वाहते पाणी यांची गळती वेगवेगळ्या जागी दिसते. त्यानंतरही नळांच्या बाजूची एक फळी कायमची न ठोकता स्क्रूंवर बसवावी. पाणी फिरवणारी विजेची मोटार असलेल्या टबाला तर अशी खिडकी अनिवार्य असते. फरश्यांची सलगता बिघडते म्हणून अनेक घरमालक ही खिडकी नाकारतात. मग एका गळक्या जोडासाठी त्यांना सगळा कट्टा फोडावा लागतो. खिडकी असली, तर वर्षातून एकदा फळी उघडून खालच्या पट्टीत दाभणाचे टोक खुपसून पाहता येते. निरोगी लाकडात ते अडते, कुजलेल्या लाकडात सहज आत शिरते. टोक शिरले, तर त्या पट्टीच्या बरोबर वर येणारा सांधा प्रथम पाहावा, आणि मग ज्या भिंतीतून नळ येतात त्या भिंतीचा कोपरा.